लहान मुलांचा बेसबॉल-सॉफ्टबॉल आणि संरक्षक साहित्याचा इतिहास

बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅम वजनाचा असतो. बूच आणि रबराच्या गाभ्यावर दोरा घट्ट गुंडाळून त्यावर कातडे शिवलेले असते. सॉफ्टबॉलचा बारा इंच परिघाचा चेंडू आणखी मोठा, १७८ ते १९८ ग्रॅम वजनाचा असतो आणि तोही टणकच असतो. क्रिकेटमध्ये चेंडू बहुधा टप्पा घेऊन येतो. या दोन्ही खेळांत मात्र तो टप्पा न घेता थेट बॅटरच्या छाती आणि गुडघा यांमधल्या उंचीवरून जातो, आणि नेम चुकला तर डोक्यावरही येतो. असा चेंडू आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या हाती देताना त्यांच्या अंगावर काय असावे, हा प्रश्न अमेरिकेत सुमारे दीडशे वर्षे टप्प्याटप्प्याने सोडवला गेला. त्यातील जवळजवळ प्रत्येक टप्प्यामागे कुणाची तरी दुखापत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बेसबॉल उघड्या हातांनी खेळला जात असे. बोटे मोडणे, नखे उखडणे, तळवे सुजणे हे खेळाचेच अंग मानले जाई आणि वेदना दाखवणे कमीपणाचे समजले जाई. सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज संघाचा कॅचर (बॅटरच्या मागे चेंडू झेलणारा खेळाडू) डग अॅलिसन याने १८७० साली दुखऱ्या हातावर कातडी हातमोजा चढवला. १८७५ साली सेंट लुईसचा चार्ल्स वेट पहिल्या बेसवर (धाव घेताना गाठायच्या पहिल्या ठाण्यावर) हातमोजा घालून उभा राहिला, पण तो चटकन कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून त्याने कातडीच्याच रंगाचा मोजा निवडला होता. ही हकिगत लिहून ठेवणारा अल्बर्ट स्पाल्डिंग हा त्या काळचा नामवंत पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणारा खेळाडू. १८७७ साली त्याने स्वतः काळा, उठून दिसणारा हातमोजा वापरला आणि मग हातमोज्याची लाज उरली नाही. त्याच्या आधीच्या वर्षी स्पाल्डिंगने शिकागोत क्रीडासाहित्याचे दुकान काढले होते, त्यामुळे खेळाडूची गरज आणि व्यापाऱ्याचा माल एकाच ठिकाणी आले. १९२० च्या सुमारास पिचर बिल डोक याच्या सूचनेवरून रॉलिंग्ज कंपनीने अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कातडी पट्ट्यांची जाळी असलेला ग्लव्ह बनवला. तोपर्यंत ग्लव्ह हाताची आग कमी करणारी उशी होता, आता तो झेल पकडण्याचे साधन झाला.

सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त साहित्य कॅचरच्या वाट्याला आले, कारण बॅटच्या मागे बसणाऱ्या खेळाडूला चेंडूचा मार सतत बसतो आणि तो सर्वांना दिसतो. हार्वर्ड विद्यापीठाच्या संघातील फ्रेड थेयर याने तलवारबाजीच्या मुखवट्यावरून कॅचरसाठी तारांचा मास्क तयार केला. कपाळ आणि हनुवटी टेकते तिथे गादी आणि समोर जाड तारांची चौकट, अशी त्याची रचना होती. जेम्स टिंग हा कॅचर १८७७ च्या एप्रिलमध्ये तो मास्क लावून सामन्यात उतरला आणि १८७८ साली थेयरला त्याचे पेटंट मिळाले. तारा कुठे असाव्यात आणि डोळ्यांसमोर किती जागा मोकळी हवी, हा प्रश्न तेव्हापासून आजच्या फेस गार्डपर्यंत चालत आला आहे. १८८० च्या दशकात छातीवर बांधायचे संरक्षक आले. पायांचे गार्ड मात्र उशिरा आले. न्यूयॉर्क जायंट्सचा कॅचर रॉजर ब्रेस्नहन १९०७ साली जाडजूड लेग गार्ड बांधून मैदानात आला तेव्हा प्रेक्षकांनी त्याची टर उडवली. काही वर्षांतच ते प्रत्येक कॅचरच्या पायांवर दिसू लागले.

डोके मात्र बराच काळ उघडेच राहिले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रेस्नहनच्या डोक्याला चेंडू लागला होता. त्यानंतर हवा भरून फुगवायची टोपी वापरून पाहण्यात आली, पण ती रुजली नाही. १६ ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर पिचर कार्ल मेज याचा चेंडू क्लीव्हलँडचा खेळाडू रे चॅपमन याच्या डोक्यावर आदळला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चॅपमनचा मृत्यू झाला. त्या काळी एकच चेंडू मळून काळवंडेपर्यंत खेळात ठेवला जाई, त्यामुळे संध्याकाळच्या उजेडात तो नीट दिसत नसे. चॅपमनच्या मृत्यूनंतर पंच मळके चेंडू तातडीने बदलू लागले, पण हेल्मेट सक्तीचे झाले नाही. १९३७ साली डेट्रॉइटचा कॅचर मिकी कॉक्रन याच्या कवटीला चेंडूने तडा गेला आणि त्याची कारकीर्द संपली. १९४१ साली ब्रुकलिन डॉजर्स संघाने जॉन्स हॉपकिन्सचे मेंदूशल्यविशारद वॉल्टर डँडी यांच्या मदतीने टोपीच्या आत सरकवायचे प्लास्टिकचे तुकडे तयार करवून घेतले. पूर्ण हेल्मेटची चाल पडली ती ब्रँच रिकी यांच्यामुळे. १९५० च्या दशकाच्या आरंभी पिट्सबर्ग पायरेट्सच्या व्यवस्थापनात असताना रिकी यांनी फायबरग्लास आणि रेझिनची कडक हेल्मेटे बनवणारी कंपनीच काढली आणि आपल्या खेळाडूंना ती वापरायला लावली. दशक संपण्यापूर्वी धंदेवाईक बेसबॉलच्या दोन्ही मोठ्या लीगनी बॅटरच्या डोक्याला संरक्षण सक्तीचे केले.

सॉफ्टबॉलची सुरुवात घरातल्या खेळासारखी झाली. १८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये जॉर्ज हँकॉक याने बॉक्सिंगचा हातमोजा दोरीने आवळून चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट केली. पुढे हा खेळ उघड्या मैदानावर आला, चेंडू आटोपशीर आणि टणक झाला, पिचिंग वेगवान झाले. शिकागोत सोळा इंची चेंडूचा सॉफ्टबॉल मात्र आजही ग्लव्हशिवाय खेळला जातो, आणि तिथल्या खेळाडूंची वाकडी झालेली बोटे उघड्या हातांच्या त्या जुन्या काळाची साक्ष देतात. १९३३ साली अमेरिकेत हौशी सॉफ्टबॉलची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि नियमांना एकसारखेपणा आला. साहित्य मात्र बराच काळ बेसबॉलमधूनच उसने घेतले जात होते.

मुलांच्या खेळाचा स्वतंत्र विचार सुरू झाला तो लिटल लीगमध्ये. कार्ल स्टॉट्झ यांनी १९३९ साली पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट गावी तीन संघांची ही स्पर्धा उभी केली. मोठ्यांच्या मैदानावर दोन बेसमध्ये ९० फूट अंतर असते. स्टॉट्झ यांनी मुलांना पळायला लावून, मोजून पाहून ते ६० फूट ठेवले. मोठ्यांच्या बुटांना धातूचे खिळे असत, आणि बेसवर घसरत येणाऱ्या खेळाडूच्या पायाचा खिळा दुसऱ्याच्या पोटरीत घुसणे ही नेहमीची दुखापत होती. लिटल लीगने हे खिळे मुलांसाठी बंद केले आणि रबरी तळाचे बूट आणले. १९४८ साली लिटल लीगची पहिली मोठी पुरस्कर्ती झालेली कंपनी रबर व्यवसायातीलच होती. मोठ्यांचे साहित्य मुलांसाठी लहान मापात बनवणे पुरेसे नाही, मुलांच्या शरीराप्रमाणे खेळच बदलावा लागतो, ही दृष्टी येथून रुजली.

या दृष्टीला शास्त्राचा आधार दिला डॉ. क्रेटन हेल यांनी. शरीरक्रियाशास्त्राचे अभ्यासक असलेले हेल १९५५ साली लिटल लीगमध्ये संशोधन प्रमुख म्हणून आले. पिचर आणि बॅटर यांच्यातील अंतर ४४ वरून ४६ फूट करण्यामागे त्यांचा अभ्यास होता. ताशी ६० मैल वेगाचा चेंडू ४६ फूट अंतर साधारण अर्ध्या सेकंदात कापतो. तेवढ्या वेळात चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा हे ठरवायचे आणि तो अंगावर येत असेल तर बाजूला व्हायचे असते. दोन फुटांनी मिळणारा वेळ सेकंदाच्या चाळिसाव्या भागाच्या आसपास असला तरी बारा वर्षांच्या मुलाला तो उपयोगी पडतो. हेल यांचे दुसरे मोठे काम म्हणजे दोन्ही कान आणि कानशिले झाकणारे हेल्मेट. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते लिटल लीगमध्ये आले. कानशिलावर कवटीचे हाड पातळ असते आणि चेंडूपासून तोंड फिरवणाऱ्या बॅटरच्या डोक्याचा नेमका तोच भाग समोर येतो. मोठ्यांच्या हेल्मेटमध्ये ही बाजू तोवर उघडीच होती. यासोबत नियमही बदलले. लहान वयोगटात पुढच्या बेसकडे जाताना डोके पुढे करून घसरण्यास मनाई झाली. आपली पाळी येईपर्यंत मैदानाच्या कडेला उभे राहून बॅट फिरवण्याची मोठ्यांची पद्धतही मुलांसाठी बंद झाली, कारण तशा फिरत्या बॅटचा तडाखा शेजारच्या मुलाला बसत असे.

या बाबतीत मोठे खेळाडू मुलांच्या मागे राहिले. १९६० साली वॉशिंग्टनचा जिम लेमन मोठ्या लीगच्या सामन्यात लिटल लीगचे कान झाकणारे हेल्मेट घालून उतरला, पण त्याचे अनुकरण फारसे झाले नाही. १९६७ च्या ऑगस्टमध्ये बोस्टनचा तरुण फलंदाज टोनी कॉनिग्लिआरो याच्या गालफडावर चेंडू बसला. त्याच्या हेल्मेटला कानाचे झाकण नव्हते. डोळ्याला कायमची इजा झाली आणि ऐन बहरातली कारकीर्द खुंटली. निदान एका कानाचे झाकण असलेले हेल्मेट मोठ्या लीगमधील नव्या खेळाडूंना १९८३ साली सक्तीचे झाले. विल्यम्सपोर्टच्या मुलांना जे मिळाले होते, ते धंदेवाईक खेळाडूंपर्यंत पोहोचायला दोन दशकांहून अधिक काळ लागला.

सुरक्षिततेचा मुद्दा एकदा मुलींना अडवण्यासाठीही पुढे केला गेला. १९७२ साली न्यू जर्सीतील होबोकन येथे मारिया पेपे या मुलीने लिटल लीगमध्ये पिचिंग केले आणि मुलगी असल्यामुळे तिला संघाबाहेर काढावे लागले. प्रकरण नागरी हक्क विभागापुढे गेले. तेथे हेल यांनी मुलींची हाडे मुलांच्या मानाने कमी मजबूत असल्याची बाजू मांडली, तर अस्थिरोगतज्ज्ञ जोसेफ टॉर्ग यांनी या वयात तसा फरक नसल्याची साक्ष दिली. १९७३ साली सुनावणी अधिकारी सिल्व्हिया प्रेसलर यांनी मुलींच्या बाजूने निकाल दिला. १९७४ साली लिटल लीगने दार उघडले आणि त्याच वर्षी मुलींसाठी सॉफ्टबॉलचा विभागही सुरू केला. ज्या संशोधकाने मुलांच्या डोक्याची इतकी काळजी घेतली, त्याच्याच शास्त्राचा या सुनावणीत चुकीचा वापर झाला. दुखापतीचे भय दाखवून कुणाला खेळापासून दूर ठेवणे हा उपाय नव्हे. खेळणाऱ्या प्रत्येकाला योग्य साहित्य देणे, हाच उपाय आहे.

हेल्मेट आहे एवढ्याने भागत नाही, ते किती मार सोसते हे तपासावे लागते. अमेरिकन फुटबॉलमधील मृत्यूंनंतर १९६९ साली क्रीडासाहित्याची मानके ठरवणारी नॉक्सी ही राष्ट्रीय समिती स्थापन झाली. तिने १९७३ मध्ये फुटबॉल हेल्मेटचे आणि १९८१ मध्ये बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या हेल्मेटचे मानक जाहीर केले. चाचणीत संवेदक बसवलेल्या कृत्रिम डोक्यावर हेल्मेट चढवून हवेच्या तोफेतून त्यावर चेंडू मारले जातात आणि आतील डोक्याला बसणारा हादरा ठरावीक मर्यादेत राहतो का, हे पाहिले जाते. उत्तीर्ण हेल्मेटवर या मानकाचा शिक्का असतो. असे हेल्मेट रंगवण्यास किंवा त्यावर चिकटचित्रे लावण्यास उत्पादकाच्या संमतीशिवाय मनाई असते, कारण रंगातील आणि गोंदातील रसायनांनी कवच ठिसूळ होऊ शकते. तडा गेलेले, आतील गादी निघालेले किंवा मापाला सैल असलेले हेल्मेट मुलाला सुरक्षिततेचा केवळ भास देते.

यापुढचा विचार वेगळ्या दिशेने गेला. मुलाच्या अंगावर कवचे चढवत राहण्याऐवजी त्याला इजा करणारी वस्तूच बदलता येईल का, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. पहिले उत्तर बेसपासून मिळाले. जमिनीत पक्क्या रोवलेल्या बेसवर खेळाडू घसरत येऊन धडकला की घोटा आणि गुडघा यांना सगळा धक्का बसतो. डॉ. डेव्हिड जांडा आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात मिशिगनमधील अॅन आर्बर येथील हौशी सॉफ्टबॉल सामन्यांत दोन प्रकारचे बेस वापरून पाहिले. एक नेहमीचा पक्का बेस, तर दुसरा रबरी चटईवर बटणांसारख्या खुंट्यांनी बसवलेला आणि जोराचा धक्का बसताच सुटणारा. पक्क्या बेसच्या ६२७ सामन्यांत घसरताना ४५ दुखापती झाल्या, सुटणाऱ्या बेसच्या ६३३ सामन्यांत फक्त दोन. खेळ जराही न बदलता मिळालेला हा फरक होता. लिटल लीगने सुटणारे बेस २००८ पासून सक्तीचे केले. सॉफ्टबॉलमध्ये पहिल्या बेसला जोडून नारिंगी रंगाचा दुसरा बेसही ठेवला जातो. धावणारी खेळाडू नारिंगी भागावर आणि झेल घेणारी पांढऱ्या भागावर पाय ठेवते, त्यामुळे दोघींची टक्कर टळते.

दुसरे उत्तर चेंडूत होते. जपानमध्ये ते फार पूर्वीच सापडले होते. १९१८ च्या सुमारास क्योतो येथील सुझुका साकाए यांनी मुलांसाठी पोकळ रबरी चेंडू तयार केला. कातडी चेंडू लहानांना धोक्याचाही होता आणि महागही. रबरी चेंडूचा बेसबॉल हा जपानमध्ये स्वतंत्र प्रकार म्हणूनच रुजला. गल्लीतल्या मुलांना लेदर बॉलऐवजी टेनिस बॉल देणाऱ्या आपल्याकडच्या लोकांना त्यामागचे शहाणपण लगेच कळेल. अमेरिकेत १९८० च्या दशकात आकार आणि वजन तेच ठेवून गाभा मऊ केलेले चेंडू बाजारात आले. वयानुसार मऊपणाच्या पायऱ्या ठरल्या, सर्वांत लहानांना सर्वांत मऊ चेंडू. पुष्कळ प्रशिक्षकांना हा खेळाचा बिघाड वाटला आणि चेंडूंचा प्रसार रेंगाळला.

या वादात आकडे समोर आले ते १९९६ साली. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने ५ ते १४ वयोगटातील मुलांच्या बेसबॉल-सॉफ्टबॉलमधील दुखापतींचा अहवाल प्रसिद्ध केला. १९९५ या एका वर्षात सुमारे १,६२,१०० मुलांवर रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत उपचार झाले होते. १९७३ ते १९९५ या काळात ८८ मुले दगावली होती. त्यांपैकी ६८ जणांना चेंडू लागला होता, ३८ जणांना छातीवर आणि २१ जणांना डोक्यावर. आयोगाच्या मते मऊ चेंडूंमुळे ४७,९०० दुखापती टळल्या किंवा सौम्य झाल्या असत्या, सुटणाऱ्या बेसमुळे ६,६०० आणि हेल्मेटला जोडलेल्या फेस गार्डमुळे ३,९००. तिन्ही मिळून एकूण दुखापतींचा सुमारे ३६ टक्के भाग होतो. सर्वांत मोठा वाटा चेंडूच्या बदलाचा होता, आणि याच बदलाला पुष्कळ प्रशिक्षकांचा विरोध होता.

छातीवरच्या आघाताने होणाऱ्या मृत्यूंचे कारण डॉक्टरांना बराच काळ चक्रावत होते, कारण शवविच्छेदनात हृदयाला इजा दिसत नसे आणि चेंडूही फार वेगाचा नसे. १९९८ साली मार्क लिंक आणि सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या डुकरांवर प्रयोग करून याचा उलगडा केला. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाचे स्नायू पुन्हा विद्युतभारित होत असतात. त्या क्रियेतील १५ ते ३० मिलिसेकंदांच्या नेमक्या झरोक्यात हृदयावर धक्का बसला तर ठोक्याची लय विस्कटते आणि रक्ताभिसरण थांबते. मुलांच्या फासळ्या लवचीक असल्याने आघात सरळ आत पोहोचतो. मऊ चेंडूंनी हा धोका प्रयोगात कमी झाला. बाजारातल्या छाती-संरक्षकांनी मात्र तो टळत नाही, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. इतकी वर्षे मुलांच्या अंगावर असलेली ही साधने खरचटणे आणि मुका मार अडवत होती, हृदयाला वाचवत नव्हती. त्यानंतर नॉक्सीने या धोक्यासाठी स्वतंत्र मानक तयार केले आणि २०२० पासून अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या बेसबॉलमध्ये कॅचरसाठी ते सक्तीचे झाले. मैदानाजवळ हृदयाला विजेचा धक्का देणारे स्वयंचलित यंत्र असणे आणि ते वापरता येणारी व्यक्ती हजर असणे, हा याच संरक्षणाचा पुढचा भाग आहे.

बेस आणि चेंडू यांच्यानंतर बदलण्याची तिसरी वस्तू होती बॅट. लिटल लीगने १९७१ साली अॅल्युमिनियमच्या बॅटला परवानगी दिली. ती मोडत नसे, त्यामुळे शाळा आणि पालकांना परवडे. पण पोकळ धातूची भिंत चेंडू आदळताच क्षणभर आत दबते आणि उसळून चेंडूला परत ढकलते. लाकडी बॅटवर चेंडू स्वतः चपटा होऊन बरीच ऊर्जा गमावतो, धातूवर ती कमी वाया जाते. बॅट हलकी असल्याने ती वेगानेही फिरते. परिणामी चेंडू टाकून पुढे झुकलेल्या पिचरकडे तो अधिक वेगाने परत येतो, आणि पिचरच्या तोंडावर काहीच नसते. २००७ साली न्यूयॉर्कच्या नगर परिषदेने महापौरांचा नकाराधिकार डावलून माध्यमिक शाळांत धातूच्या बॅटवर बंदी घातली. संमिश्र धाग्यांच्या बॅट वापराने सैल होऊन आणखी उसळी देतात असे दिसल्यावर लिटल लीगने २०१० च्या अखेरीस त्यांना स्थगिती दिली. शेवटी यूएसए बेसबॉल या राष्ट्रीय संस्थेने मुलांच्या बॅटची उसळी लाकडाच्या जवळ ठेवणारे मानक तयार केले आणि १ जानेवारी २०१८ पासून लिटल लीगच्या बेसबॉलमध्ये ते लागू झाले.

सॉफ्टबॉलमध्ये चेहऱ्याचा धोका विशेष आहे. मुलींच्या गटांत पिचर ३५ ते ४३ फुटांवरून चेंडू टाकते, आणि टाकताना घेतलेल्या लांब ढांगेमुळे आणखी पुढे येते. तिथून परतणारा चेंडू टिपायला अर्धा सेकंदही मिळत नाही. अमेरिकेतील माध्यमिक शाळांनी २००६ पासून सॉफ्टबॉलच्या बॅटरच्या हेल्मेटला फेस गार्ड सक्तीचा केला. पिचर आणि जवळच्या बेसवरील खेळाडूंसाठी हलके तारेचे मास्क याच सुमारास दिसू लागले. ते नियमाने नव्हे, तर खेळाडूंच्या आणि पालकांच्या पुढाकाराने पसरले. आज मास्क लावलेली पिचर भित्री ठरत नाही. चार्ल्स वेटला कातडीच्या रंगाचा मोजा निवडावा लागला होता, तो संकोच इथे मुलींनी मोडून काढला.

महाराष्ट्रात शालेय क्रीडास्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळ मुलामुलींच्या गटांत खेळले जातात, आणि शिवछत्रपती क्रीडा पुरस्काराच्या मानकऱ्यांत सॉफ्टबॉलपटूही आहेत. म्हणून हा इतिहास येथील शिक्षकांना आणि पालकांनाही उपयोगाचा आहे. त्यातून साहित्याचा एक क्रम हाती लागतो. आधी वयाला योग्य चेंडू, अंतर, बेस आणि बॅट, कारण ही साधने सुधारली की प्रत्येक मुलाचा धोका आपोआप घटतो. मग प्रत्येक बॅटर आणि धावणाऱ्या खेळाडूसाठी दोन्ही कान झाकणारे, मापाचे, न तडकलेले हेल्मेट, आणि कॅचरसाठी मास्क, कंठरक्षक, छाती-संरक्षक आणि लेग गार्ड, सरावातही. त्यानंतर फेस गार्ड आणि मास्क. हे सारे मुलाच्या मर्जीवर किंवा धाडसावर सोडायचे नसते. मोठ्यांच्या खेळात संरक्षण खेळाडूच्या इच्छेवर राहिले तिथे ते दशके रखडले. मुलांच्या खेळात ते नियमाने आले आणि सर्वांना सारखे मिळाले.